पांढऱ्या ठिपक्याची

बेंगळुरू, १२ जानेवारी १९८४

अत्ते,

साष्टांग नमस्कार.

पार्सल पोचलं. पण हे पत्र त्यातल्या खाऊसाठी नाही, तो ज्यात बांधून पाठवलास त्या पोफळीच्या पानाच्या रुंद विरीसाठी लिहितोय. विरी फेकायला निघालो होतो, तेवढ्यात तिच्या आतल्या अंगाला काही गोल, चपटे, विटकरी ठिपके दिसले. मोहरीहून थोडे मोठे. तुला ते डाग वाटले असतील. ते किडे आहेत. आम्ही त्यांना खवलेकीड म्हणतो, कारण माशाच्या खवल्यासारखी ढाल पाठीवर घेऊन त्या झाडाला चिकटून बसतात.

तुला माझं काम ठाऊक आहे. लोक आपापल्या बागेतली कीड पुडीत बांधून पाठवतात आणि मी तिचं नाव सांगतो. अकरा वर्षं मी दुसऱ्यांनी ठेवलेली नावं सांगत आलोय. या विरीवरची मात्र कुठल्याच नावात बसेना. दोन रात्री पुस्तकं चाळली. अत्ते, ही अजून कुणी पाहिलेलीच नसावी असं मला वाटतं, आणि असं वाटण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे.

विरी कोणत्या झाडाची होती? त्या झाडावर आणखी आहेत का? लगेच कळव.

तुझा,
विघ्नेश्वर

---

नेरळेगार, तालुका शिरसी
२४ जानेवारी

चि. विघ्नेश्वरास अनेक आशीर्वाद.

आत्याने दोन दिवस चुलीपुढे बसून उसाच्या रसाचे तोडदेव केले, आणि भाच्याने वरच्या वेष्टणाचं कौतुक केलं. तोडदेव पातळ झाले होते की जाड, मोडले की राहिले, एवढी एक ओळ लिहिली असतीस तर तुझी शाई संपली नसती.

विरी तळ्याकाठच्या पोफळीची. झाड खाली सखल जागी आहे, बांधावर बसलं की खालच्या विऱ्या हाताला लागतात. तुझं पत्र वाचल्याबरोबर तुझ्या मावय्यांचं पंचांग वाचायचं भिंग घेऊन गेले. आहेत, बऱ्याच आहेत. मला तर त्या झाडाला खरूज झाली आहे असंच वाटत होतं. नखाने एक उचलली तर ढाल वेगळी निघाली आणि खाली पिवळा, मऊ, पाय नसलेला ऐवज. मावय्या मागे उभे होते. म्हणाले, "चांगलं आहे. आता घरातल्या भांड्यांना सुटी. आमची मंडळी झाडाच्या उवा काढणार."

मला आता चैन पडेना. त्यांना पाय का नाहीत? पाय नाहीत तर झाडावर चढल्या कशा? सगळ्या बायाच आहेत का? असतील तर नवरे कुठे आहेत? तू एवढा शिकलास, हे सगळं सांगून टाक.

इकडे सुपारी उतरवणं चालू आहे. बियाण्याला ठेवायच्या झाडांना काल चुन्याची तीन-तीन बोटं ओढून आले. आमचा गौडा एकदा वर चढला की एका झाडावरून दुसऱ्यावर वाकून जातो, खालून कितीही ओरडा. चुन्याचं बोट दिसलं तरच त्या झाडाला हात लावत नाही.

तुझी अत्ते
मूकांबिका

---

बेंगळुरू, ३ फेब्रुवारी

अत्ते,

तोडदेव फार सुंदर होते. पातळ होते. अर्धे पोस्टाने मोडले, तेही सुंदर होते. झालं समाधान?

आता तुझे प्रश्न. पिल्लं अंड्यातून निघतात तेव्हा त्यांना सहा पाय असतात. आईच्या ढालीखालून बाहेर पडतात, दिवसभर भटकतात, मग एक जागा पसंत करून सोंड खुपसतात. मादी एकदा बसली की बसली. कात टाकताना पायही टाकते, जुन्या कातीत मेण मिसळून पाठीवर ढाल बांधते, आणि तिथंच खाते, तिथंच वाढते, तिथंच अंडी घालून मरते. नर मात्र मोठा झाला की त्याला पंख फुटतात. पण तोंड नसतं. जगतो एखाद-दुसरा दिवस, बायको शोधतो, संपतो.

हे सगळं पुस्तकातलं. या तळ्याकाठच्या बाईचं कुणी पाहिलेलं नाही. मी तर जन्मभर मेलेल्याच पाहत आलो. ती खरंच हलत नाही का, हे मला कोण सांगणार?

आमचे प्रमुख डॉ. रुद्रमूर्ती म्हणतात, "भट्ट, हे सिलोनचंच जुनं पोर आहे. शंभर वर्षांपूर्वी एका इंग्रजाने नाव ठेवलंय. तुम्हाला घाई झालीय." सिलोनची आणि ही दिसायला सारख्या आहेत हे खरं. फरक आहे तो शेपटीच्या कडेला, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा. पण विरीवरच्या वाळून कोळपल्या होत्या, त्यांच्यावर छातीठोकपणे बोलता येत नाही. मला ताज्या हव्यात. विरीचे तुकडे कापून कागदाच्या पाकिटात घाल. ओल्या फडक्यात नको, बुरशी धरते.

सिलोनची ठरली, तर मी आणखी एक नाव सांगणारा कारकून. नवी ठरली, तर एक तरी जीव माझ्या हातून जगाला कळला असं होईल. हे मी आईलाही लिहिलेलं नाही.

विघ्नेश्वर

---

नेरळेगार, २ मार्च

चि. विघ्नेश्वरास आशीर्वाद.

उशीर झाला म्हणून रागावला असशील. पण तू विचारलंस हलतात का, आणि ते बघायला वेळ हा लागतोच. नुसतं बघून काय कळणार, सगळ्या एकसारख्या. म्हणून आपल्या आगरात करतो तशी सोय केली, आणि रोज सकाळी कवळ जमवायचं ताट घेऊन तळ्याकाठीच बसू लागले. पान खाता खाता एकेकीची हजेरी घ्यायची. आता तर मी त्यांना ओळखते. एक कडेला बसते, तिला मी शानभोगीण म्हणते, कुलकर्ण्याच्या बायकोचा तोरा आहे तिचा, तिच्या आजूबाजूला कुणी बसलेलं तिला चालत नाही.

तर ऐक. हलत नाहीत. तसूभरही नाही. ही गोष्ट तू माझ्या नावावर कुणालाही सांग.

तुझ्या तोंड नसलेल्या नराची गोष्ट मी मावय्यांना वाचून दाखवली. म्हणाले, "तोंड नसून काय बिघडलं? असून तरी आमचं कुठं चालतंय?"

पाकिटात सहा तुकडे आहेत. शानभोगीण नाही त्यात, तिला मी ठेवून घेतलंय. नवी आहे की जुनी ते लगेच कळव. तुझ्यापेक्षा मला घाई झाली आहे.

अत्ते

---

बेंगळुरू, १५ मार्च

अत्ते!

आज प्रयोगशाळेत मी मोठ्याने ओरडलो. शिपाई धावत आला.

पाकीट उघडलं आणि पहिल्या नजरेतच कळलं. बाहेरूनच, साध्या भिंगाने दिसणारी अशी एक खूण तिच्या अंगावर आहे की सिलोनच्या बाईवर तिचा मागमूस नाही. विरीवरच्यांवर ती का नव्हती? पोस्टात घासून गेली असणार. रुद्रमूर्तींना दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "हं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे सनईचौघडाच.

खूण कोणती ते आत्ता लिहीत नाही. छापून येण्याआधी बोलू नये असं आमच्याकडे सगळेच मानतात. हसू नकोस. तुम्ही गौरी बसायच्या आधी दार बंद ठेवता, तसंच.

मग ढाली काढून ठेवल्या, बाया पोटॅशमध्ये शिजवल्या, रंगवल्या. काचेवर त्या काचेसारख्याच स्वच्छ, गुलाबी दिसतात. शेपटीच्या कडेला सिलोनच्या बाईला दातांच्या तीन जोड्या, हिला दोनच. आता मला तो फरक लखलखीत दिसतोय.

आता महत्त्वाचं. नाव मी ठेवायचं आहे. लॅटिनमध्ये तुझ्या नावावरून ठेवणार. जगभरच्या पुस्तकांत कायमचं. हो म्हण.

विघ्नेश्वर

---

नेरळेगार, २९ मार्च

चि. विघ्नेश्वरास आशीर्वाद.

नाही.

झाडाचा रस शोषणाऱ्या खरजेला माझं नाव? उद्या कुठल्या तरी आगरात पोफळी पिवळी पडली की साहेब येऊन म्हणणार, "तुमच्या झाडाला मूकांबिका लागली आहे. औषध मारा." माझ्या जावा हे आयुष्यभर पुरवून पुरवून सांगतील.

ही थट्टा झाली. खरं कारण असं की हे नाव माझं नाहीच. आईने कोल्लूरच्या देवीला नवस बोलून मागून आणलेलं आहे. मी वापरते तेवढंच. ते दुसऱ्याला, आणि तेही किड्याला, मला देता येत नाही. तुला माझी शपथ आहे. आडवळणाने, लॅटिनमधून, कसंही माझं नाव त्यात घालायचं नाही.

तुला मनापासून द्यायचं होतं हे कळलं. त्या रात्री मी जेवताना दोनदा हसले आणि एकदा डोळे पुसले. मावय्यांनी विचारलं तर म्हटलं, मिरची लागली.

नाव तिच्या रूपावरून ठेव. पोरीचं नाव पोरीला शोभलं म्हणजे झालं.

अत्ते

---

बेंगळुरू, २० मे

अत्ते,

शपथ पाळली. तू म्हणालीस तसं तिच्या रूपावरूनच ठेवलं. निबंध काल पाठवला. चित्राला तीन आठवडे गेले. आमच्यात एकाच किड्याचं डावं अर्ध अंग पाठीकडून आणि उजवं अर्ध पोटाकडून काढायची रीत आहे. डोळ्यांची पार वाट लागली. कोपऱ्यात तिच्या ढालीचं एक छोटं चित्रही काढलंय, खुणेसकट.

निबंधात इतर जातींपासून ओळखण्याची पहिली ओळ मी त्या खुणेचीच लिहिली. रुद्रमूर्ती म्हणाले, "शेपटीची आधी लिहा." मी म्हटलं, बागेतल्या माणसाला शेपटी कुठून दिसणार? त्याला दिसेल ते आधी. तुझाच विचार करून म्हटलं.

नाव छापून आल्यावर कळेल. तोवर झाडाला जप.

विघ्नेश्वर

---

नेरळेगार, १८ ऑगस्ट

चि. विघ्नेश्वरास आशीर्वाद.

पंधरा दिवस पोस्टमन ओढ्यापलीकडे अडकला होता. हे पत्र कधी मिळेल ते ओढाच जाणे.

यंदा कोळे रोगाने सगळ्यांच्या नाकात दम आणला आहे. सुपाऱ्यांचा खाली सडाच पडतोय. गौडा दोनदा वर चढून मोरचूद-चुन्याचं पाणी मारून गेला. सगळं आगर निळं झालंय, माणसंही.

तुझ्या बाया सुखरूप आहेत. कशा, ते विचारू नकोस. एका झाडावरून मावय्या माझ्याशी आठवडाभर नीट बोलत नाहीत, पण तो घरचा मामला आहे.

मला एक सांग. ती मेली की ढाल तशीच राहते. मग आत कुणी आहे की नुसतंच घर उरलंय, हे तुम्ही बाहेरून कसं ओळखता? शानभोगीण बरेच दिवस मला गप्प वाटते. तशी ती बोलत कधीच नव्हती म्हणा.

अत्ते

---

बेंगळुरू, १० जानेवारी १९८५

अत्ते,

छापून आलं!

सोबतची प्रत तुझी. इंग्रजी आहे, पण चित्र बघ. खाली कोपऱ्यात गोल ढाल आहे, आणि तिच्या बरोब्बर मधोमध पांढरा शुभ्र ठिपका. हीच ती खूण. नाव ठेवलंय आल्बिपुंक्ता, म्हणजे पांढऱ्या ठिपक्याची. कपाळावर टिळा लावून बसलेल्या एखाद्या सुवासिनीसारखी दिसते, म्हणून मला ते फार आवडलं. नमुना कुठला, तर नेरळेगार, तळ्याकाठची पोफळ. तुझं नाव कुठेही नाही, तपासून घे.

लंडनहून एका मोठ्या तज्ज्ञाचं पत्र आलंय. त्यांना ठिपक्याबद्दल फार कुतूहल आहे. असा ठिपका या कुळात कसा तयार होतो, काही ढाली पाठवाल का, असं विचारतात. पुढच्या आठवड्यात पाठवणार. आई कालपासून चाळीतल्या प्रत्येकीला बोलावून प्रत दाखवतेय.

विघ्नेश्वर

---

नेरळेगार, १९ जानेवारी

अप्पी,

बाळा, हे पत्र बसून वाच.

तुझं चित्र बघितलं. दोनदा बघितलं. मग भिंग घेऊन तळ्याकडे गेले आणि परत आले. मग मी इतकी हसले की मावय्या धावत आले, त्यांना वाटलं मला काही झालं. आणि मग हसू थांबलं, आणि हा कागद ओढला.

अरे, तो ठिपका चुन्याचा आहे.

तू विचारलंस हलतात का. मग कोणती कोणती हे कळायला नको? कवळाच्या ताटात चुना होताच. नारळाच्या हिराचं टोक बुडवून प्रत्येकीच्या पाठीवर मधोमध एक टिंब दिलं, आणि शेजारी विरीवर एक ओरखडा. ठिपका ओरखड्यापाशीच राहिला, तर हलली नाही. मी तुला लिहिलं होतं, आगरात करतो तशी सोय केली म्हणून. आता आगरात खूण करायची म्हणजे चुन्यानेच, हे काय वेगळं लिहायचं? आम्ही हात धुऊन जेवलो असं पत्रात लिहितो का?

तू खूण कोणती ते आधीच सांगितलं असतंस तर मी तारच केली असती. दोघांनीही तोंड मिटून घेतलं बघ.

मावय्या म्हणतात, आत्याने भाच्याला चुना लावला. मला त्यांचा राग आला, आणि हसूही आलं. तुझं नुकसान होणार का? खरं सांग. मला झोप नाही.

अत्ते

---

बेंगळुरू, २६ जानेवारी

अत्ते,

आज सुटी आहे, पण मी प्रयोगशाळेत एकटाच आहे. जपून ठेवलेल्या एका ढालीवर व्हिनेगरचा थेंब टाकला. ठिपका फसफसला आणि गेला. मेण असतं तर ढिम्म राहिलं असतं. खाली साधी विटकरी ढाल, सिलोनच्या बाईसारखीच.

तुझ्यावर रागावलो नाही. तू प्रयोग केलास, आणि चोख केलास. मी तुला एका ओळीने विचारलं नाही, "अत्ते, तुझ्या झाडावरच्यांना ठिपका आहे का?" एवढंच विचारायचं होतं.

पण मला ठिपक्याची भीती नाही. भीती दुसरीच आहे. शेपटीचा तो फरक मी खरंच पाहिला होता, की ठिपका बघून नवीच आहे असं ठरवल्यावर मला तो दिसू लागला? आधी मी चाचरत होतो, हे तुला लिहिलेलं आहे. त्या ओळी मला पाठ आहेत. ठिपका पाहिल्यावर दोन जोड्या एकदम लखलखीत झाल्या. आता काच लावून बसलो की कधी दोन दिसतात, कधी तिसरीचा अंकुर दिसल्यासारखा वाटतो. माझ्याच डोळ्यांवरचा माझा विश्वास उडाला आहे.

फरक नसेल तर ही सिलोनचीच. मग नाव रद्द, आणि पुस्तकांत माझ्या नावापुढे एवढंच उरेल की याने चुन्याला जात समजून नाव ठेवलं.

मला ताज्या हव्यात, कुणाचाही हात न लागलेल्या. पण औषध मारल्यावर त्या उरल्या असतील का? हे मला आत्ता आठवलं.

विघ्नेश्वर

---

नेरळेगार, ४ फेब्रुवारी

अप्पी,

उरल्या आहेत. गौडाला आज दोर लावून वरपर्यंत चढवलं आणि माझा हात कधी पोचलाच नसता अशा उंचीवरच्या विऱ्या उतरवल्या. त्याने विचारलं, "अम्मा, सुपारी नाही, नुसती विरी?" म्हटलं, "हो, आणि हात लावू नकोस, बोटं दुमडून धर." बिचारा दातांत धरून उतरला. पाकिटात घालताना मी चिमटा वापरला, आणि आज सकाळपासून पानसुद्धा खाल्लं नाही. तुला कळेल याची किंमत.

आता तू एक कर. ठिपका नाही असं समज, मी तुझी आत्या आहे हेही विसर, आणि जे दिसेल तेच बोल. सिलोनची निघाली तर निघाली. आम्हाला तू नाव सांगणारा होतास तेव्हाही चालत होतास.

अत्ते

ता. क. चि. विघ्नेश्वर, हे मी, तुझे मावय्या, ती पाणी आणायला गेली असताना लिहितोय. ती तुला सांगणार नाही. पावसाळ्यात औषध मारायच्या आदल्या दिवशी तिने तळ्याकाठच्या पोफळीला चुन्याची तीन बोटं ओढली. गौडाने खूण बघून ते झाड सोडलं, आणि झाडाची सगळी सुपारी कोळे रोगाने गळली. मी खूप बोललो. ती म्हणाली, "सुपारी पुढच्या वर्षी येईल, या बाया परत कुठून आणू?" तेव्हा नीट बघ.

---

बेंगळुरू, २८ फेब्रुवारी

अत्ते, मावय्या,

दोघांनाही साष्टांग.

पाकीट घेऊन सरळ रुद्रमूर्तींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. चुना, हीर, व्हिनेगर, सगळं. ते हसले नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. म्हणाले, "काचा तयार करा. मग माझ्याकडे द्या आणि बाहेर जा."

त्यांनी तुझ्या बायांच्या काचा आणि सिलोनच्या जुन्या काचा एकत्र मिसळल्या, नावांवर कागद चिकटवले आणि मला आत बोलावलं. म्हणाले, "वेगळ्या करा." मी कपाळावरचा घाम पुसत एकेक बघितली आणि दोन ढीग केले. मग ते स्वतः बसले, माझे ढीग मोडून. संध्याकाळपर्यंत काचा बघत राहिले. शेवटी कागद सोलून काढले.

त्यांचे ढीग बरोबर होते. माझेही बरोबर होते. एकही काच चुकली नव्हती.

अत्ते, ती नवी आहे. दोनच जोड्या आहेत, तिसरीचा अंकुरही नाही. ती ठिपक्याशिवाय नवी आहे. मी तिथंच टेबलावर डोकं टेकवलं. रुद्रमूर्ती पाठीवर थाप मारून म्हणाले, "तरी मी सांगत होतो, शेपटीची आधी लिहा."

मग नावाचं विचारलं. आता तरी बदलू द्या म्हटलं. तर आमच्या शास्त्राचा नियम असा की एकदा छापलेलं नाव, अर्थाने चुकीचं असलं तरी, बदलता येत नाही. नाव हे हाक मारण्यापुरतं. म्हणजे ठिपका नसलेली ही बाई जग असेतोवर पांढऱ्या ठिपक्याचीच राहणार.

दुरुस्तीची टीप पाठवली आहे: ढालीवरचा पांढरा ठिपका नैसर्गिक नसून, कीड जागा सोडते का हे पाहण्यासाठी स्थानिक निरीक्षिकेने लावलेला चुना आहे. तुझं नाव घातलेलं नाही, शपथ अजून आहे. लंडनच्या साहेबांनाही हेच कळवलं. त्यांचं उत्तर आलं. लिहितात, आयुष्यात इतकी चांगली टीप वाचली नाही, आणि त्या बाईंना विचारा, आणखी काय काय पाहिलं.

मी सारखा एकच विचार करतो. तू म्हणालीस माझं नाव नको. नाही घातलं. आणि तरी पुस्तकात कायमचं काय राहिलं? तुझ्या हिराचं टोक, तुझ्या ताटातला चुना. तुझं नाव असतं तर ते देवीचं झालं असतं. हे मात्र फक्त तुझंच आहे.

विघ्नेश्वर

---

नेरळेगार, ९ मार्च

चि. विघ्नेश्वरास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मावय्यांनी मोठ्याने वाचलं. ढिगांच्या जागी आले आणि थांबले, पुढचं पान मुद्दाम हळूहळू उलटलं. मी ते हातातून हिसकावून घेतलं. मग आम्ही दोघांनी पान खाल्लं. सुपारी दुसऱ्या झाडाची होती.

साहेबांना सांग, आणखी पाहिलं. शानभोगीण गेली. ढाल उचलली तर आत कुणी नव्हतं, नुसती अंड्यांची टरफलं पिठासारखी. पण त्याच्या आदल्या आठवड्यात तिच्या ढालीखालून पिल्लं निघताना मी बघितली. पिवळी, धुळीएवढी, आणि खरोखर सहा पायांची. माझ्या नखावर एक चढलं, इकडे गेलं, तिकडे गेलं, त्याला काही माझी जागा पसंत पडली नाही. मी नख विरीला टेकवून धरलं, तेव्हा उतरलं. कधी एवढा वेळ श्वास धरून बसले नव्हते. ही सगळी माझ्याच हातची आहेत असं वाटून मला रडू आलं, ते कशाला लपवू.

तू म्हणतोस नाव आता बदलता येत नाही. मला दोन दिवस ते लागून राहिलं. चूक माझ्या हाताची, आणि खोटं पडणार ते त्या मुकीचं नाव. उद्या लंडनहून कुणी खरंच आलं, झाडाजवळ जाऊन ठिपका शोधू लागलं, तर तिने काय करावं? तिला तर हलताही येत नाही.

म्हणून आता सकाळी कवळ जमवलं की पहिला चुना पानाला लावत नाही. आधी तळ्याकाठी जाते, आणि एकीला तरी टिळा लावून येते.

तुझी अत्ते
मूकांबिका